वेशीवरचं अभिनंदन

५ सप्टेंबर

यॉन्जू बाळ,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. मोबाइलवर लिहिलं की तू ते वाचलंस की नाही हे मला दिसतं, आणि मला दिसलं हे तुला कळतं. मग दोघींनाही अवघडल्यासारखं होतं. पत्राचं तसं नसतं. हे तू उशीखाली ठेव, नाहीतर नूडल्सच्या डब्यावर झाकण म्हणून ठेव. सेऊलमधल्या त्या कपाटाएवढ्या खोलीत त्याचा काही ना काही उपयोग होईल.

बाबांना आलेला तुझा शेवटचा मेसेज मी वाचला. 'ते कापड उतरेपर्यंत मी गावाच्या वेशीत पाय ठेवणार नाही.' दादाने फोन माझ्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः गोठ्याकडे निघून गेला. गोठ्यात आता एकही जनावर नाही हे तुला माहीत आहे.

चिडलीस ते बरोबर आहे. पण झालं कसं याची मला अजूनही गंमत वाटते, आणि ती गंमत तुझ्याखेरीज कुणाला सांगता येत नाही. जुलैत लेखी परीक्षेच्या यादीत तुझा नंबर लागला. तू बाबांना कळवलंस, बाबांनी सरपंच दुशिककाकांना. आपल्या काकांना लेखी, तोंडी, अंतिम असले भेद कधीच मान्य नव्हते. बस पकडून ते तडक तालुक्याला, माझ्या दुकानात बॅनर छापायला आले. 'सोलगोलची कन्या यॉन्जू सरकारी नोकरीच्या परीक्षेत उत्तीर्ण, हार्दिक अभिनंदन, समस्त ग्रामस्थ.' मी म्हटलं, मुलाखत व्हायची आहे अजून. ते म्हणाले, 'म्योंगसुक, पास म्हणजे पास. मुलाखतीत काय असतं? बोलायचंच असतं. तुमच्या घराण्यात न बोलणारं कोण आहे, तुझा भाऊ सोडून?'

मी छापलं. संध्याकाळी ते वेशीवर चढलं, भाताच्या वड्या वाटल्या गेल्या, फोटो सगळ्या गावाच्या फोनवर फिरला. ऑगस्टमध्ये तुझी मुलाखत झाली आणि शेवटच्या यादीत नाव नव्हतं.

आता तू म्हणशील, आत्या, दुकान तुझं, शिडी तुझी, उतरव की. मीही हेच म्हटलं. दादा म्हणाला, 'गावाने दिलेली भेट आपण परत कशी करायची?' मग मी दुशिककाकांना गाठलं, तर ते म्हणाले, 'मी काढलं तर गावाच्या तोंडावर सांगितल्यासारखं होईल की पोरगी पडली. तुझ्या भावाला, जोंगबेला, काय वाटेल?' दादा सरपंचांच्या मानाला जपतो आहे आणि सरपंच दादाच्या. कापड मात्र मजेत फडफडतंय. काका तर हल्ली वेशीने जात-येतच नाहीत, पाणंदीने वळसा घालून बसथांब्यावर येतात.

खरं सांगायचं तर हे पत्र मी एका प्रश्नासाठी लिहिते आहे. माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार मजकूर आहेत. निवडून आलेल्याला, पदवी मिळालेल्याला, सत्तरी गाठलेल्याला. दुकान उघडल्याचा आहे, जमीन विकण्याचा आहे, कुत्रं हरवल्याचा आहे, गावात डुकरांचा कारखाना नको असाही आहे. पडलेल्या माणसासाठी एकही नाही. एवढी वर्षं या धंद्यात काढली आणि हे माझ्या आज लक्षात आलं.

तुमच्या तिथे, नोर्यांगजिनमध्ये, गल्लीच्या गल्ली परीक्षेला बसणाऱ्यांची आहे. म्हणजे बहुतेक जण पडतच असणार. मग तुम्ही एकमेकांना म्हणता तरी काय?

तुझी आत्या


१३ सप्टेंबर

यॉन्जू बाळ,

उत्तर आलं नाही, म्हणून मीच चौकशीला लागले. दुकानात जो येईल त्याला मापं घेता घेता विचारते, तुम्ही आयुष्यात सपशेल आपटला होतात तेव्हा लोक काय म्हणाले, आणि त्यातलं काय उपयोगी पडलं? आधी ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. मग खुर्ची ओढून बसतात. सध्या माझा धंदा मागे आणि चौकशी पुढे अशी गत आहे.

सगळ्यांत जास्त ऐकलेला शब्द 'हिम्ने'. बळ काढ. तो सगळ्यांनी ऐकलाय आणि तो कुणालाच आवडत नाही, तरी प्रत्येक जण दुसऱ्याला तोच देतो. गेल्या वर्षी तू म्हणाली होतीस ते आठवलं, 'बळ काय विहिरीत पडलंय, पोहरा टाकून काढायला?' त्यानंतर नंबर लागतो मुठी वळून म्हणायच्या 'ह्वाइटिंग'चा. बसचा ड्रायव्हर म्हणाला, हा शब्द सामना सुरू होण्याआधीचा आहे. सामना हरल्यावर कुणी तो म्हटला तर हात उगारावासा वाटतो.

दुशिककाकांनाही विचारलं. सहकारी संस्थेच्या निवडणुकीत ते पडले होते, तू तेव्हा शाळेत होतीस. ते म्हणाले, 'सगळे सांगत होते, पुढच्या वेळी नक्की. मला वाटायचं, अरे, या वेळचं तर आधी संपू द्या.' मी विचारलं, मग तुम्ही परवा जोंगबेला काय म्हणालात? काका उठून भिंतीवरचे बॅनरचे नमुने बघायला लागले. तेही पुढच्या वेळी नक्की असंच म्हणाले होते.

एकच उत्तर वेगळं मिळालं. बसस्थानकासमोरच्या नूडल्सवाल्या बाई. त्यांच्या नवऱ्याचं मोठं हॉटेल बुडालं, त्यानंतर त्यांनी ही टपरी टाकली. पहिल्या आठवड्यात जो येई तो डोळ्यांत पाणी आणून सगळा रस्सा पिऊन जाई आणि छान झालाय म्हणे. मग एक म्हातारा आला, चमचा ठेवला आणि म्हणाला, आज खारट आहे. बाई म्हणाल्या, 'त्या दिवशी पहिल्यांदा मला झोप लागली.' मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, 'का ते मलाही माहीत नाही.'

मी या उत्तरावर अजून विचार करते आहे.

काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा एक प्रयोग केला. जमवलेली सगळी वाक्यं पडद्यावर टाकली आणि बॅनरच्या मापात मोठी करून पाहिली. 'काही बिघडलेलं नाही.' 'आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.' 'तू पुष्कळ केलंस.' कानात सांगितलं तर ही वाक्यं चांगली आहेत, यॉन्जू. पण हातभर अक्षरांत ती अंगावर ओरडल्यासारखी दिसतात. 'काही बिघडलेलं नाही' हे वेशीवर टांगलं, तर येणारा-जाणारा थांबून विचारेल, काय बिघडलं हो?

म्हणजे नवीन बॅनर छापून जुनं झाकायचा माझा बेत होता, तो बारगळला. हा बेत तुला सांगितला नव्हता. आता बारगळलाय म्हणून सांगते.

बाबा बरे आहेत. लसणाचं बियाणं निवडून ठेवलंय. या वर्षी गड्डे मोठे आहेत.

तुझी आत्या


२४ सप्टेंबर

यॉन्जू बाळ,

वादळाची बातमी तिकडेही दाखवली असेल. घराला काही झालं नाही. पर्सिमनच्या झाडाची एक फांदी गेली, तीही शेजाऱ्याच्या बाजूची.

वादळाच्या आदल्या दिवशी मी गावातच होते. दुशिककाकांनी नेहमीप्रमाणे भोंग्यावरून सूचना दिल्या. मिरच्या आत घ्या, पत्र्यांवर दगड ठेवा, ओढ्याकाठी गाडी लावू नका. मग थोडं थांबून, अगदी मऊ आवाजात म्हणाले, 'वेशीवरच्या बॅनरांसाठी कुणीही घराबाहेर पडू नये. ती गेली तर जाऊ द्यावीत.' अख्ख्या गावाला कळलं, काकांनी वाऱ्यावर आशा ठेवली आहे. खरं सांगू? मीही ठेवली होती. वाऱ्याने नेलं तर कुणाचाच अपमान नाही. मी ते छापताना कापड चांगलं जाड वापरलं होतं, त्याचा प्रथमच पश्चात्ताप झाला.

सकाळी वारा पडल्यावर बघायला गेले. तिथे सहा-सात बॅनर एका रांगेत असतात, तुला माहीत आहेच. गोपदान आजींच्या नातवाचं, तो डॉक्टरकीला लागला ते. खालच्या आळीतल्या ज्यूदोवालीचं. पोस्टमनच्या जावयाने पीएच.डी. केली ते. दुशिककाकांना आदर्श सरपंचाचं बक्षीस मिळालं ते. सगळी पिळवटून वाकडीतिकडी झाली होती. एकच बॅनर ताठ होतं, धुऊन निघालेलं, इस्त्री केल्यासारखं. तुझं.

जवळ जाऊन पाहिलं. माझी दोरी जागेवर नव्हतीच. चारही कोपरे जाड तारेने आवळलेले, पक्कड लावून पीळ दिलेले. म्हणजे वादळात कुणीतरी वर चढून ते बांधलं. कुणी? कशासाठी? मला राहवेना. चार घरी विचारलं. कुणाला काही ठाऊक नाही, निदान तसं म्हणाले. दुशिककाकांना विचारलं तर त्यांनी आभाळाकडे बघून पावसाचा विषय काढला.

म्हणून या आठवड्यातही कापड आहे तिथेच आहे, आणि आता ते आपल्या सगळ्यांहून जास्त टिकेल असं दिसतंय. तुला खोटं कशाला सांगू?

चुसॉक जवळ आलाय. तू या सणाला येणार नाहीस हे मी गृहीत धरलंय. वाफवलेल्या सोंगप्योनचं सारण तुझ्या आवडीचं, तिळाचंच करीन आणि थोडे पार्सलने पाठवीन. बाबा बरे आहेत. हल्ली डाव्या हाताने जेवायचा सराव करताहेत. म्हातारपणी माणसाने काहीतरी नवीन शिकावं.

तुझी आत्या


३ ऑक्टोबर

यॉन्जू,

पार्सल पोचलं असं फोनवर पोस्टाच्या नोंदीत दिसलं. सही तुझी होती. एवढ्यानेही मला बरं वाटलं.

गेल्या पत्रातलं डाव्या हाताचं वाक्य मी लिहिलं आणि पत्र पेटीत टाकल्यावर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. तू लहानपणी माझ्या पिशवीत खाऊ आहे की नाही हे मी पिशवी कशी धरते त्यावरून ओळखायचीस. तेव्हा आता सरळच सांगते. दादाचं उजवं मनगट मोडलं आहे. प्लास्टर घातलंय. हाड जागेवर आहे, डॉक्टर काळजी करू नका म्हणाले, आणि मी करत नाहीये. तूही करू नकोस.

हे आधी लिहिलं नाही, कारण ते वाचून तू धावत आली असतीस. तशी आलेली तू मला नको आहेस. बापाचा हात मोडला म्हणून मान खाली घालून वेशीतून आत आलीस, तर वर ते कापड आणि खाली तू. ते मला बघवणार नाही. येशील तेव्हा तुझ्या पायांनी ये. हात आपोआप बरा होतो.

झालं कसं ते मला चुसॉकच्या दिवशी कळलं. पितरांना नैवेद्य दाखवून झाला. दादाला डाव्या हाताने दारू ओतता येईना, म्हणून ती मी ओतली. तुझ्या आईच्या पेल्यात जरा जास्तच पडली. ती हसली असती. मग दुशिककाका नासपतींची पेटी घेऊन आले आणि दुसऱ्या पेल्यानंतर त्यांच्या तोंडून सुटलं.

वादळाच्या दिवशी पहाटे ते ओढ्याचं पाणी बघायला निघाले होते. वेशीपाशी पाहतात तर शिडी आडवी आणि शिडीखाली जोंगबे, मनगट धरून बसलेला. वर तुझ्या बॅनरचा एक कोपरा सुटून फडफडतोय. काकांना भरून आलं. लेकीचं नाव वाऱ्याने जाऊ नये म्हणून हा माणूस या वादळात चढला. त्यांनी त्याला गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, आणि परत येऊन स्वतः वर चढून चारही कोपरे तारेने आवळले. 'मित्रासाठी एवढंही करू नये?' ते मला म्हणाले. डोळे पुसले त्यांनी.

हे चाललं असताना दादा सोंगप्योन चावत भिंतीकडे बघत होता. मला त्याच्या चेहऱ्यात काहीतरी खुपलं, यॉन्जू. मी त्याच्याबरोबर लहानाची मोठी झाले. आपली स्तुती होत असताना त्याचा चेहरा असा नसतो. चोरी भलत्याच्या नावावर खपून जाते तेव्हा तो असा असतो.

मी छडा लावणार आहे.

तुझी आत्या


१४ ऑक्टोबर

यॉन्जू बाळ,

बसून वाच. पुष्कळ आहे.

गेल्या सोमवारी गोपदान आजी आमच्या अंगणात आल्या आणि दादाला म्हणाल्या, तुझी शिडी दे. दादाने विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, मिरच्या वाळवायला कापड नाही, नातवाचं बॅनर काढून आणते. मी तेव्हा तिथेच होते. आजींच्या अंगणात निळी ताडपत्री अंथरलेली मी येताना डोळ्यांनी पाहिली होती, नवी कोरी. आणि त्या बॅनरचा त्यांना केवढा अभिमान. बसमधून उतरणाऱ्या अनोळखी माणसालाही त्या बोट दाखवून सांगायच्या, तो डॉक्टर माझा. मी म्हटलं, आजी, ताडपत्री आहे ना? त्या म्हणाल्या, 'तुला गं काय माहीत मिरच्यांना काय आवडतं?'

शेवटी शिडीवर मीच चढले. नातवाचं अभिनंदन उतरलं आणि त्याच्यावर मिरच्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी ज्यूदोवालीच्या वडिलांना तिळाच्या पेंढ्यांवर घालायला काहीतरी हवं झालं. मग पोस्टमनला आठवलं की आपल्या गाडीवर पक्षी घाण करतात. जावयाची पीएच.डी. गाडीवर गेली. अशी रोज एक जागा रिकामी होत गेली. तुझं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी मुद्दाम विषय काढून पाहिला, तरी नाही. लोक मला पेंढ्यांबद्दल सांगत राहिले.

सगळ्यांत गोंधळले ते दुशिककाका. त्यांना वाटलं, गाव आपल्याविरुद्ध उठलं. पुढच्या वर्षी सरपंचपदाची निवड आहे ना. ते गोपदान आजींकडे गेले आणि विचारलं, माझं काय चुकलं ते तरी सांगा. आजी मिरच्या उलटत होत्या. मी बाजूला बसून देठ खुडत होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं. आजी म्हणाल्या,

'दुशिक, रांगेतला एकच दात पडला की सगळ्या जगाला दिसतो. सगळे पडले की कुणी बघत नाही. हे माझं तोंड बघ.'

आणि त्यांनी आ करून दाखवलं.

काकांनी बाहेर पडलेली एक मिरची उचलून परत कापडावर ठेवली. मग पाणंदीने न जाता वेशीच्या रस्त्याने घरी गेले.

काल सकाळी ते शिडी आणि पक्कड घेऊन आले. वेशीवर दोनच बॅनर उरली होती, त्यांचं आणि तुझं. आधी त्यांनी स्वतःचं काढलं. आदर्श सरपंच मा दुशिक, घडी घालून काखेत. दादा रस्त्याच्या कडेला उभा होता, गळ्यात हात बांधून. काका शिडीवरून खाली न बघता म्हणाले,

'जोंगबे, पक्कड हातात आहेच. लसूण फोडायला बसायचं म्हणजे खाली काहीतरी अंथरावं लागेल तुला. काढू?'

'काढ.'

शिडी सरकवली. पहिला कोपरा सुटेना. काका घामाघूम.

'कुठल्या गाढवाने एवढी तार आवळली?'

'तूच.'

'तुझ्यासाठी आवळली ना, लेका. हात मोडून घेतलास ते वाचवायला.'

दादा रस्त्याकडे बघत राहिला. मला वाटलं, हाही क्षण तो गिळून टाकणार. मग तो म्हणाला,

'वाचवायला नव्हतो चढलो. काढायला चढलो होतो. म्हटलं, वाऱ्याच्या नावावर जाईल.'

काका शिडीवर तसेच. पक्कड हवेत.

'मग तेव्हाच का नाही बोललास?'

'दवाखान्यातून आलो तर तू वर. एवढ्या पावसात, एवढ्या मनापासून बांधत होतास. कसं सांगू?'

मला वाटलं होतं काका चिडतील. त्यांनी शिडीवरच कपाळ खांबाला टेकवलं आणि हसायला लागले. दादाही हसला. हसताना त्याचं मनगट दुखतं, म्हणून तो हसत होता आणि कण्हत होता. उरलेल्या तीन कोपऱ्यांना सकाळ गेली.

तर मला छडा लागला, यॉन्जू. तुझा मेसेज आल्यापासून तुझा बाप ते कापड उतरवायची वाट शोधत होता. तुला हे सांगायला त्याने सांगितलेलं नाही. त्याला विचारलं असतं तर तो गोठ्यात गेला असता.

आता वेशीवर काही नाही. खांब तेवढे आहेत, एवढे मोकळे की काल बसचा ड्रायव्हर थांबा चुकला. माझ्या धंद्याचं मात्र कठीण आहे. सोलगोलहून नवी ऑर्डर येईल असं वाटत नाही.

रविवारी लसूण लावायला घेतोय. माणसं पुरेशी आहेत. हे मी खरं लिहिते आहे. दुशिककाका, आजी, ज्यूदोवालीचे वडील, पोस्टमन सगळे येणार आहेत. तुला बोलवत नाही. काय झालं ते कळवलं.

तुझी आत्या


२२ ऑक्टोबर, नोर्यांगजिन

आत्या,

रविवारी तू समोर होतीस, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला समोर देता आलं नाही. म्हणून कागद. तुझी सगळी पत्रं पोचली. पहिलं खरंच नूडल्सच्या डब्यावर ठेवलं होतं, त्याच्यावर वाफेचा गोल डाग आहे. बाकीची डब्यावर ठेवली नाहीत.

तू विचारलं होतंस, इथे पडलेल्यांना आम्ही काय म्हणतो. काहीच म्हणत नाही. ज्याचा निकाल वाईट लागतो त्याच्या दारातली चप्पल काही दिवस हलत नाही, आणि आम्ही जाता-येता ती बघतो. मागच्या महिन्यात माझी चप्पल सगळे बघत असणार.

रविवारी सकाळी बसमधून उतरले तेव्हा मी तोंडपाठ करून आले होते. कुणी 'बळ काढ' म्हटलं तर काय बोलायचं, 'पुढच्या वेळी नक्की' म्हटलं तर काय. वेशीच्या खांबांवर तारेचे गंजके ओरखडे होते, बाकी काही नव्हतं. मी जरा वेळ तिथेच थांबले. मग शेताकडे आले.

तू वळून पाहिलंस आणि पुन्हा लसणाच्या पाकळ्या मोजायला लागलीस. मला दिसलं ते. बाबांनी पाहिलं आणि बादली उचलून उगाच दुसरीकडे ठेवली. बोलल्या फक्त गोपदान आजी. 'आलीस? इकडे ऊन येतं, तिकडे बस. आणि हे बांध.' त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधलेली, शेतात बसून काम करायची ती गोल उशी सोडली आणि मला दिली. मी ती बुडाला बांधली आणि बसले. खाली बघते तर माझंच नाव. 'सोलगोलची कन्या यॉन्जू'वर लसणाचे गड्डे ओतलेले होते आणि आजी 'उत्तीर्ण'वर बसल्या होत्या. मी अक्षरांकडे बघतेय हे त्यांना दिसलं असावं. म्हणाल्या, 'काय लिहिलंय गं त्यावर? चष्मा घरी राहिला माझा.' चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

मी म्हटलं, 'काही नाही, जुनं आहे.' त्या म्हणाल्या, 'मग फोड पटापट.'

दिवसभर माझी तयार उत्तरं तशीच राहिली. दुशिककाकांनी मला एकदाच हाक मारली, पाकळी उलटी लावतेयस म्हणून. मी खरंच उलटी लावत होते. टोक खाली. तीन वर्षं पुस्तकात घातल्यावर हात विसरतो. ते सगळ्यांदेखत ओरडले, 'अगं, डोक्यावर उभा करतेस काय त्याला? चीनमध्ये उगवेल तो.' आणि सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मला तुझ्या नूडल्सवाल्या बाईंचा खारट रस्सा कळला.

संध्याकाळी बाबा बांधावर उभे राहिले. दिवस संपल्यावर दरवर्षी उभे राहतात तसे. डाव्या हाताने एकेकाला तांदळाच्या दारूचा पेला देत होते आणि एकेकाला म्हणत होते. आजींना, 'पुष्कळ कष्ट घेतलेत.' पोस्टमनला, 'पुष्कळ कष्ट घेतलेत.' तुला, 'पुष्कळ कष्ट घेतलेस.' माझा नंबर आला. मला वाटलं, आता काहीतरी वेगळं बोलतील आणि मला रडू येईल. त्यांनी पेला दिला आणि म्हणाले, 'पुष्कळ कष्ट घेतलेस.' त्याच आवाजात. आणि पुढे गेले, दुशिककाकांकडे.

आत्या, तुझ्या कॉम्प्युटरमधल्या मजकुरात हे घालू नकोस. हातभर अक्षरांत ते चालणार नाही. पण तू विचारलं होतंस म्हणून सांगते, उपयोगी पडलं ते हे. मी त्या रात्री दोन वाट्या भात खाल्ला.

पुन्हा परीक्षेला बसायचं की नाही हे अजून ठरवलेलं नाही. कुणी विचारलं नाही, त्यामुळे आता मला स्वतःला विचारता येतंय.

एक गोष्ट राहिली. सोमवारी तुम्ही सगळे मला बसवर सोडायला आलात. तू, बाबा, काका, आजी. सगळ्यांनी हात हलवले. बसच्या सीटवर बसल्यावर मला वाटलं, या मार्गाच्या गाड्या बऱ्याच सुधारल्या, काय मऊ बसायला. सेऊलला उतरून जिन्यावर आले, तेव्हा मागून एका मुलीने खांद्याला हात लावला आणि हळूच सांगितलं. मी आजींची उशी बुडाला बांधून अर्धा देश ओलांडला होता. त्या सकाळी आजींबरोबर कोबी उपटायला गेले होते ना, तेव्हापासून.

कुणीच कसं सांगितलं नाही? तू माझ्या मागेच उभी होतीस.

उशी धुऊन खिडकीत वाळत घातलीय. कांद्याच्या लावणीला आजींना ती लागेल. लावणी कधी धरताय ते कळव, तेव्हा घेऊन येते.

यॉन्जू